लॉर्ड चॅन्सेलरसाठी एक चिठ्ठी

बहरीनमध्ये बावीस वर्षं काढल्यावर सदानंदचा एका गोष्टीवर पक्का विश्वास बसला होता, ती म्हणजे वास्ता. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात, तोच. गावच्या गुंडूचा व्हिसा अडला, मुलाची ॲडमिशन अडली, दर वेळी सदानंदने कुणाला तरी फोन लावला आणि काम फत्ते झालं. आज मात्र काम इंग्लंडमधलं होतं आणि तिथे त्याला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी आठलाच तो अमवाज बेटावर ग्रॅहमच्या दारात उभा राहिला. हातात हलव्याचा डबा, खिशात चिठ्ठी. ग्रॅहम हा मुलीकडे राहायला आलेला म्हातारा इंग्रज. त्यांच्या व्हिलाचे एसी सदानंदची कंपनी बघायची. ग्रॅहमने लंडनला लॉर्ड चॅन्सेलरच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केली होती. सदानंदला एवढं पुरेसं होतं.

त्याच्या एकुलत्या एका मुलाने, वरुणने, इंग्लंडमध्ये गाडी चालवताना मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि सायकलवरच्या एका पोरीला उडवलं. पोरगी वाचली, पण एक पाय कायमचा अधू झाला. वरुणने गुन्हा कबूल केला होता. आज दुपारी एकला, म्हणजे तिकडच्या दहाला, न्यायाधीश शिक्षा सुनावणार होते. तुरुंग की सुटका, एवढाच प्रश्न होता. त्यात पोरीचा बाप बडी असामी, मंत्र्यांबरोबर फोटो असलेला. त्याने फोन फिरवायच्या आत आपला फिरला पाहिजे, या विचाराने सदानंदची झोप उडाली होती.

लॉर्ड चॅन्सेलरने न्यायाधीशांना वरुणसाठी दोन शब्द सांगावेत, अशी विनंती असलेली ती चिठ्ठी ग्रॅहमने वाचली आणि घडी घालून परत दिली.

"लॉर्ड चॅन्सेलर न्यायाधीशांना असं काही सांगू शकत नाही."

"असं कसं? सगळ्यात मोठे न्यायाधीश ना ते?"

"होते. शेकडो वर्षं एकच माणूस मंत्री, संसदेच्या वरच्या सभागृहाचा अध्यक्ष आणि न्यायाधीशांचा प्रमुख. माझ्या डोळ्यांदेखत ते बदललं. आता तो नुसता मंत्री. पद घेताना शपथ घेतो, न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचं रक्षण करीन अशी. त्यांच्या कानाला लागायचं नाही, हे कायद्यातच लिहिलंय."

"मग त्याचं काम तरी काय?"

"तुम्ही आत्ता जे करताय, ते कुणालाही करू न देणं."

सदानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचा मुलगा असता तर?"

"तर मीही चिठ्ठी लिहिली असती," ग्रॅहम हळूच म्हणाला. "आणि तिचा काही उपयोग झाला नसता. त्या मुलीच्या वडिलांच्या चिठ्ठीचाही होणार नाही."

गाडीत अश्विनी वाट बघत होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती काय ते समजली. सदानंदने मोबाइल काढला. अजून एक नंबर उरला होता, लंडनच्या कुठल्याशा खासदाराला ओळखणाऱ्या व्यापाऱ्याचा. तो लावणार, इतक्यात वरुणचाच फोन आला.

"बाबा, तुम्ही कुणाशी बोललात का?"

"का रे?"

"बोलू नका. प्लीज, बाबा. फोनमध्ये मीच बघत होतो ना?"

"बरं," सदानंद म्हणाला, आणि तो नंबर त्याने लावला नाही. मग घरी जाऊन दोघं समोरासमोर बसले. जेवण ताटात तसंच निवलं. एक वाजला, दोन वाजले. अश्विनी देवापुढून हलेना. अडीचला वकिलाचा फोन आला. अठरा महिने. वरुणला कोर्टातूनच तुरुंगात नेलं होतं.

"कुणी हो केलं हे?" अश्विनीने हंबरडा फोडला. "त्या पोरीच्या बापानेच ना? त्यानेच कुणाला तरी सांगितलं असणार!"

सदानंदलाही तेच म्हणायचं होतं. शिव्या अगदी ओठांवर आल्या होत्या. पण त्या घालायच्या कुणाला? त्या बापाला, न्यायाधीशाला, मंत्र्याला? पहिल्यांदाच त्याला बोट दाखवायला कुणी सापडेना.

"कुणी नाही गं," तो म्हणाला. "आपल्या वरुणनेच केलं." आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा रडू लागला.