चष्मेवाली

“ही चादर माझी आहे,” चेकरबाई म्हणाल्या.

ग्रंथपालबाईंनी आधी ओठांवर बोट ठेवलं, मग हळूच विचारलं, “कुठली चादर?”

“ही. खिडकीला पडदा म्हणून लावलीय ती.”

“अहो, ते चित्र आहे.”

“चित्रातलीच म्हणतेय मी. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. खालची पट्टी उसवली तेव्हा घरात निळा दोरा नव्हता, म्हणून तपकिरी दोऱ्याने शिवली होती मी. बघा, तपकिरी रेघ दिसतेय की नाही?”

ग्रंथपालबाईंनी वाकून पाहिलं. रेघ खरंच होती. “मोठ्या बारीक नजरेचे दिसतात चित्रकार,” त्या कौतुकाने पुटपुटल्या आणि टेबलाकडे निघून गेल्या. बाईंना कौतुक ऐकायचं नव्हतं. त्यांना त्या चादरीखाली बसलेली बाई कोण, ते हवं होतं.

वाचनालयाच्या मोठ्या दालनात गावातल्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं. भिंती छतापर्यंत पुस्तकांनी भरलेल्या, त्यामुळे चित्रं कपाटांच्या कडांना सुतळीने टांगली होती. खाली नेहमीची मंडळी पेपर वाचत बसलेली. प्रदर्शन पाहायचं ते चवड्यांवर चालून आणि तोंड मिटून. प्रत्येक चित्राखाली एक कार्ड होतं. या कार्डावर बाईंच्या नवऱ्याचं नाव होतं, त्याखाली ‘निवृत्त व्हॉल्व्हमन, पाणीपुरवठा’, आणि चित्राचं नाव होतं ‘खिडकीजवळ’.

खिडकीजवळ खाटेवर एक बाई पाय दुमडून बसली होती. चेहरा एका बाजूने दिसत होता. डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, केस मागे कसेतरी बांधलेले, कानाजवळ थोडे पिकलेले. हातातल्या पेल्यातला चहा ती फुंकून पीत होती. अगदी निवांत. जशी काही घराची मालकीणच.

चेकरबाई शर्टांच्या कारखान्यात होत्या. तयार शर्ट त्यांच्या टेबलावर यायचा. त्या तो उलटा करायच्या, प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवायच्या आणि टाका सुटला असेल तिथे लाल टिकली चिकटवून शर्ट परत पाठवायच्या. बाईंच्या हातात चंद्र दिला तर डाग आहे म्हणून परत पाठवतील, असं पोरी म्हणायच्या. बाईंना त्याचा राग यायचा नाही. खोट कुठे ना कुठे असतेच. बघणाऱ्याचा डोळा शाबूत हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

चित्राची बातमी दिली ती शेजारच्या मशीनवर काज करणाऱ्या काजवालीने. जेवणाच्या सुट्टीत ती सहज बोलल्यासारखं बोलली होती.

“लायब्ररीत तुमच्या मालकांचं चित्र लागलंय, पाहिलंत का बाई?”

“त्यांचं? ते कधी चित्र काढायला लागले? ते पेपर वाचायला जातात तिथे.”

“पेपर वाचून वाचून हात शिवशिवले असतील. एका बाईचं आहे हो. बघून या एकदा.”

“कोणती बाई?”

“आता तुमच्या घरातलं मी बाहेरचीने कशाला सांगू?” असं म्हणून काजवालीने डब्याचं झाकण लावलं होतं.

चित्र पाहून आल्या त्या रात्री बाईंनी ताट वाढलं आणि समोरच बसल्या.

“पेपरात काय आज?”

“नेहमीचंच.”

“आणि लायब्ररीत?”

“असतात चार माणसं.”

“आपली ती निळी ठिपक्यांची चादर कुठे गेली हो?”

नवऱ्याचा घास क्षणभर हातातच राहिला. “जुनी झाली होती. देऊन टाकली.”

“कोणाला?”

“गरज होती तिथे.”

खोटं बोलतानाही हा माणूस पुरतं खोटं बोलत नव्हता, हे बाईंना अधिकच झोंबलं. नोकरीत असताना किल्ली खांद्यावर टाकून तो गल्लोगल्ली पाणी सोडत हिंडायचा. कुठल्या घरात कोण राहतं, कोणाच्या दारात किती वेळ थांबला, हे तेव्हा कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटलं, आणि एकेक जुनी दुपार संशयाने पुन्हा उलटी करून बघावीशी वाटली.

घरात दोघंच होते. एक लेक होती. सासर सोडून ती पिशवी घेऊन परत आली, तेव्हा दारातच बाईंच्या तोंडून निघून गेलं होतं, “माल परत येतो तो खोट असल्याशिवाय येत नाही.” लेक उंबऱ्याच्या आत आलीच नाही. तशीच वळली. बाईंना वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत येईल. मग वाटलं, आठवड्यात येईल. पुढे वर्षं गेली आणि तिचं नाव घरात निघेनासं झालं. कारखान्यात कोणी विचारलंच तर ‘लांब असते’ एवढंच बाई सांगत. तेव्हा माणूस म्हणून बाईंच्या वाट्याला उरला होता तो हा एक नवरा. आणि तोही आता कुणा चष्मेवालीच्या खिडकीला पडदे लावत होता.

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वाचनालयात चित्रासमोरचं बाक धरलं आणि मासिक उघडून बसल्या. कधी ना कधी ती स्वतःचं चित्र बघायला येईलच. अशा बायकांना आरसा पुरत नाही.

एक चष्मेवाली आली, पण ती फार उंच निघाली. दुसरी चित्रासमोर थांबून हसली, तेव्हा बाईंनी मासिक मिटलं. पण ती पलीकडच्या माशांच्या चित्राला हसत होती. मासे ब्यूटी पार्लरवालीने काढले होते आणि त्यातल्या प्रत्येकाच्या भुवया कोरलेल्या होत्या.

पलीकडच्या कपाटाला सायकलींची चित्रं टांगून एक म्हातारे पोस्टमन बसले होते. बाई इतका वेळ बसलेल्या पाहून ते खुर्ची ओढत जवळ आले. या चित्रकाराच्याच घरच्या, हे त्यांना माहीत नव्हतं.

“आवडलेलं दिसतंय, वहिनी.”

“ही कोण बाई?” बाईंनी थेट विचारलं.

“ते नाही हो सांगत. पण मनातली नाही, खरी आहे. दर गुरुवारी डबा घेऊन जायचे ते तिच्याकडे. तिथे बसून काढायचे, इथे आणून आम्हाला दाखवायचे. मी एकदा विचारलं, ‘कोण आहे हो?’ तर म्हणाले, ‘घरचंच माणूस आहे.’”

“घरचं!”

“शू,” पेपरामागून कोणीतरी म्हणालं.

गुरुवारी कारखान्यात उशिरापर्यंत काम असायचं, आणि दर गुरुवारी हा माणूस ‘मी वाढून घेईन’ म्हणायचा. म्हणजे बाई सकाळी करून ठेवायच्या, ते ती चष्मेवाली जेवायची. आणि वरून घरचं माणूस! बाईंनी देवाचं नाव घेऊन पाहिलं. जिभेवर नाव होतं, मनात मात्र तो चहाचा पेला.

तेवढ्यात नवरा दारातून आत आला. बाईंना चित्रासमोर पाहून तो जागीच उभा राहिला. पळेल, असं बाईंना वाटलं. तो पळाला नाही. चपला न वाजवता सरळ त्यांच्यापाशी आला. पोस्टमननी आपली खुर्ची उचलली आणि सायकलींकडे निघून गेले.

“आलीस?” तो म्हणाला.

“कोण ही?”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. बोंबलले असते तर छप्पर उडालं असतं. कोण ही?”

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. “तू ओळखलं नाहीस?”

“मी कशाला ओळखू असल्या बायकांना? माझी चादर तिच्या खिडकीला, माझ्या हातचं तिच्या पोटात, आणि वर मीच ओळखायचं?”

“अगं, खरंच ओळखलं नाहीस?” त्याने हात पुढे केला आणि चित्रातल्या बाईच्या डोळ्यांवर, त्या चष्म्यावर, दोन बोटं आडवी धरली.

चष्मा झाकला गेला. खाली राहिलं ते नाक, चहा फुंकताना पुढे आलेला खालचा ओठ आणि हनुवटी. दुधाचा पेला गरम आहे म्हणून हाच ओठ असाच पुढे काढून बसायची ती, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पाय लोंबकळत.

बाईंनी बाकाची कड धरली. कापडातली सुटलेली एक वीण त्यांना हातभरावरून दिसायची. समोर लेक बसली होती आणि त्यांनी तिच्यात परक्या बाईचं पाप शोधलं होतं.

चित्रावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, “चष्मा कधी लागला?”

“झाले बरेच दिवस. औषधाच्या दुकानात हिशेब लिहिते. नजरेवर ताण पडतो.”

“आणि केस? आत्ताच पिकले?”

“तेही.”

“नीट जेवते का?”

“तुझी आमटी असली की ताट पुसून जेवते. कोणाची आहे ते मी सांगत नाही, ती विचारत नाही.”

बाईंनी पदर तोंडावर धरला. पेपरवाल्यांतल्या एकाने मान वर केली आणि पुन्हा पेपरात घातली.

“मग मला चोरून कशाला? चित्र इथे टांगलंत ते जगाला दाखवायला?”

“तुला दाखवायला. घरात तिचं नाव काढलं की तू उठून जायचीस. वाटलं, इथे तुला उठून जाता येणार नाही, ओरडता येणार नाही. बघशील, ओळखशील, आणि मग तूच काहीतरी बोलशील. काजवालीला मीच म्हटलं होतं, हिच्या कानावर घाल म्हणून. तू ओळखणार नाहीस, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.”

“मध्यंतरी मी तापाने आजारी होते, ते सांगितलंत तिला?”

“नाही. तुझं काही बोलायचं नाही, अशी अट आहे तिची. मोडली तर मलाही दार बंद होईल.”

“चित्र बघायला येणार आहे?”

“शेवटच्या दिवशी, दुपारी. तू कारखान्यात असतेस ती वेळ बघून.”

बाईंनी मासिक जागेवर नेऊन ठेवलं. घरी जाताना वाटेत रस्ता ओलांडायचा आला, तेव्हा बाईंनी त्याच्या शर्टाची बाही धरली.

शेवटच्या दिवशी दालनात आवराआवर चालली होती. पोस्टमन सुतळी सोडून सायकली उतरवत होते. भुवयावाले मासे गेलेही होते. नवरा जिन्याखाली खोके शोधत होता. बाई आल्याचं त्याला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी काय काय बोलायचं ते मनाशी घोकलं होतं. पण सकाळी उठल्यावर एकही वाक्य धड वाटलं नाही. प्रत्येकात ‘पण’ होता. शेवटी काहीच न घेता त्या आल्या आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. त्या तापानंतर वेणी कापावी लागली होती. मानेवर आखूड पांढरे केस होते आणि अंगावरचं पातळ खांद्यांवरून सैल लोंबत होतं.

मागे पावलं वाजली. एवढ्या शांत जागेत कोणी बिचकत यावं तशी.

“मावशी, जरा बाजूला होता का? मला चित्र बघायचंय.”

आवाज जरा घोगरा झाला होता. ‘जरा’ म्हणताना शेवटचा स्वर लांबवायची सवय मात्र तीच. बाईंचे हात पोटाशी घट्ट मिटले गेले. मान वळवली तर ही वळेल आणि जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा गेलेली पाठ त्यांनी पाहिली होती.

त्या वळल्या नाहीत. तिथून गेल्याही नाहीत. फक्त एक पाऊल डावीकडे सरकल्या. चित्रासमोर शेजारी एक माणूस उभं राहील, एवढीच जागा झाली.