फेस बसेपर्यंत

पुण्याच्या हॉटेलात बादल रोज पाहुण्यांना मिमोसा करून द्यायचा. खाली संत्र्याचा रस, वर फेसाळती वाईन. टेबलावर जाईस्तोवर फेस टिकला पाहिजे, म्हणून तिथं सदा धावपळ.

धनजजवळच्या तांड्यावर घरी येताना त्यानं मुद्दाम एक बाटली आणली. शेजारच्या बागेतली संत्री रामीबाईनं, त्याच्या याडीनं म्हणजे आईनं, स्वतः पिळली. बादलनं रसावर हळूच वाईन सोडली आणि गिलास तिच्यापुढं धरला.

तिनं आत डोकावून पाहिलं आणि वर ताटली झाकली.

"फेस येऊन राह्यला. म्हणजे कच्ची हाय अजून. बसू दे."

तिची हयात मोहाची दारू गाळण्यात गेली होती; भिजवलेल्या मोहावरचा फेस बसल्याशिवाय ती भट्टी लावत नसे.

"याडी, लोकं फेसासाठीच पितेत हे," बादल म्हणाला. ती ऐकेना. मग तोही भिंतीला टेकून बसला.

बसल्या बसल्या ती नवऱ्याबद्दल, बाबूलालबद्दल बोलू लागली. बाप गेला तेव्हा बादलला सुट्टी मिळाली नव्हती. त्यावर मायलेकात कधी शब्द निघाला नव्हता.

"त्या दिशी सकाळी त्यानं चहा मांगतला. तुह्यं नाव घेतलं. मंग..."

ती थांबली. ताटली काढून पाहिली. फेस बसला होता. तिनं चुलीपाशी बाबूलालच्या नावानं चार थेंब सांडले, घोट घेतला, "आता झाली" म्हणाली आणि गोष्ट तशीच सोडून उठू लागली.

बादलनं दुसरा गिलास भरला. फेस काठापर्यंत आला. त्यानं आपल्या हातानं त्यावर ताटली झाकली.

"ही बी कच्चीच हाय, याडी. बसू दे. मंग काय झालं?"