सात नंबरची बोअर

फीत सरसर खाली गेली आणि पाण्याला टेकलीच नाही. पाणीवाल्याने ती वर ओढली, टोकाचं वजन नीट बसलंय ना पाहिलं आणि आणखी लांब सोडली. या खेपेला टेकली, पण वहीतल्या आकड्याच्या नऊ मीटर खाली.

खाणीभोवती अकरा बोअर होत्या. दर सोमवारी त्यांतलं पाणी मोजायचं, एवढंच त्याचं काम. सात नंबरची टेकडीवर होती. गुडघा धरल्यापासून तीन महिने हा पठ्ठ्या तिकडे फिरकलाच नव्हता; उंटावरून शेळ्या हाकत होता. मागच्या आकड्यात बोटभर फरक करायचा आणि दडपून लिहायचं. बघायला कोण येतंय! आज तपासणीवाले येणार म्हणून लंगडत चढला, तर हे. टेकडीतलं पाणी खालच्या जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यांत उतरलं होतं. त्यांच्या भिंतीपलीकडे आज सकाळपासून त्याचा धाकटा भाऊ कोळसा काढत होता. भावाला धरून चोवीस जण.

उतरताना तो दोनदा पडला. कार्यालयात पाळीच्या साहेबाने वही शांतपणे चाळली आणि हिशेब समोर मांडला. पाणी सात दिवसांत उतरलं असेल, तर भिंत कधीही फुटेल, भोंगा आत्ता वाजवायला हवा. तीन-चार महिन्यांत झिरपलं असेल, तर पंप आहेत, पाळी संपल्यावर बघू. उगाच भोंगा वाजवून नोकरी घालवायला तो काही खुळा नव्हता.

"खरं सांग. वर जात होतास?"

खरं काय ते पाणीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. पाणी तीन महिन्यांत गेलं की काल रात्रीत, सांगणार कोण? पण खरं बोलला असता तर भाऊ संध्याकाळपर्यंत खालीच राहिला असता. मग काय, खोटं बोल पण रेटून बोल.

"दर सोमवारी गेलो, साहेब."

पहिली थप्पड बसली. मग मूठ. पाणीवाला टेबलावर आदळला, ओठ फाटला, वहीवर रक्त सांडलं. साहेबाने त्याला जमिनीवर लोळवलं आणि बुटाची लाथ नेमकी सुजलेल्या गुडघ्यावर घातली.

"या पायाने?"

"याच पायाने."

आणखी एक लाथ. आणखी एक. पाणीवाला गुरासारखा ओरडला, एक दात थुंकला, पण शब्द फिरवला नाही. शेवटी साहेबच दमला. त्याने भोंग्याचं बटण दाबलं.

लिफ्टने खेपा सुरू केल्या. भाऊ तिसऱ्या खेपेला वर आला. एकवीस जण वर आले आणि उरलेल्या तिघांसाठी लिफ्ट खाली निघाली, तेवढ्यात भिंत फुटली. पायांखालची जमीन हादरली, लिफ्टचा लोखंडी दोर ताण येऊन तुटला आणि कार्यालयाची खिडकी फोडून गेला. खालून फक्त पाण्याचा आवाज येत राहिला.

पाणीवाल्याला भिंतीशी बसवलं होतं. मारणारा साहेब आता स्वतः त्याच्यासाठी पाणी घेऊन आला. ज्यांनी पाया पडायला नको तेही पाया पडून गेले. मग खाणकामगारांना दिवे वाटणारा म्हातारा आला. खाली राहिलेल्या तिघांत त्याचा एकुलता एक पोरगा होता. म्हातारा समोर उकिडवा बसला आणि आपल्या पंच्याने त्याच्या तोंडावरचं रक्त पुसू लागला.

"तू दर सोमवारी चढलास म्हणून एवढी पोरं वाचली," तो म्हणाला. "माझं नशीबच फुटकं, त्याला तू काय करणार?"

तीन महिने रोज गुडघ्याला तेल चोळून देणाऱ्या भावाला सगळं ठाऊक होतं. त्याने पाणीवाल्याचा खांदा घट्ट दाबला. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ. गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"काका, मी गेलोच नव्हतो," पाणीवाला म्हणाला. "तीन महिने. गेलो असतो तर आधीच कळलं असतं."

म्हातारा थोडा वेळ पुसतच राहिला. मग पंचा खाली पडला आणि त्याचे दोन्ही हात पाणीवाल्याच्या गळ्यावर आवळले. भाऊ ओरडला, चौघे धावले, एकेक बोट सोडवू लागले, पण म्हाताऱ्याची पकड सुटेना. पाणीवाल्याने आपले हात मांड्यांखाली दाबून धरले होते.