आपोआप जुळणारी क्लिप

बाबांच्या कंपनीतले विक्रीसाहेब बाबांना भेटायला आले, ते बाबा गेल्यानंतर. बाबा असताना ते आमच्याकडे कधीच आले नव्हते, त्यामुळे दारात उभं राहून चपला कुठे काढाव्यात याचा त्यांनी बराच विचार केला. आईने त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. फोटोकडे बघून ते म्हणाले की माणूस मोठा होता, असा माणूस पुन्हा होणे नाही. मग त्यांची नजर फोटोवरून सरकत सरकत पॅसेजमधल्या फ्यूजच्या पेटीवर गेली आणि तिथे स्थिरावली. फोटोपाशी ती इतकी रेंगाळली नव्हती.

त्यांच्याबरोबर आलेले गृहस्थ मात्र घरचेच. कंपनीच्या डिझाइन विभागात बाबांच्या हाताखाली वाढलेले. त्यांच्या खिशात सदान्‌कदा मापं घ्यायचं कॅलिपर असे, म्हणून बाबांनी त्यांचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. आता त्यांच्या डोक्यावर चार केस उरले आहेत आणि सगळी कंपनी त्यांना त्याच नावाने ओळखते. आल्या आल्या ते बाथरूममध्ये गेले. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण बोलले ते वेगळंच. आतून कडीच लागत नाही म्हणाले.

"कडी नाहीच आहे," आई म्हणाली. "आत असलं की खोकत राहायचं."

आमच्याकडे बरेच महिने हीच पद्धत होती. आजारपणात बाबांना आतून कडी लावू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढे केव्हातरी कडीचा पितळी दांडाच दिसेनासा झाला. घरात आजारी माणूस असलं की बऱ्याच वस्तू जागेवर राहत नाहीत, त्यातलीच ही एक, असं मी धरून चालले होते.

विक्रीसाहेबांना बाबांची क्लिप हवी होती.

क्लिप म्हणजे फ्यूज ज्यात बसवतात तो तांब्याचा चिमटा. फ्यूजचं काम सगळ्यांना माहीत असतं, कारण तो उडतो. क्लिपकडे कोणी बघत नाही. बाबांनी आयुष्यभर तिच्याकडेच बघितलं. साध्या क्लिपमध्ये वीज तांब्यातूनच जाते आणि फ्यूजला पकडूनही तांबंच ठेवतं. वीज वाहायला तांब्यासारखा धातू नाही, पण पकड धरण्यात ते कच्चं. थोडं तापलं की सैल पडतं, सैल पडलं की आणखी तापतं, आणि शेवटी चांगला फ्यूज विनाकारण उडतो. दोन कामं एकाच्या गळ्यात घातली की दोन्ही धड होत नाहीत, असं बाबा म्हणत. त्यावर शाळा आणि स्वयंपाक एकटीने सांभाळणारी आई त्यांच्याकडे नुसती बघे, आणि बाबा विषय पुढे नेत.

त्यांनी दोन्ही कामांची वाटणी केली. तांब्याच्या दोन पाकळ्यांनी फक्त वीज न्यायची, मागे बसवलेल्या पोलादी स्प्रिंगने फक्त दाबायचं. पाकळ्या जरा हलत्या ठेवल्या, म्हणजे फ्यूज किंचित जाड असो, बारीक असो, तिरका बसलेला असो, त्या आपल्या आपण जुळवून घेतील. झीज झाली तर स्प्रिंग तेवढी पुढे सरकेल. घरात साधं पंख्याच्या वेगावरून कोणाशी जुळवून न घेणाऱ्या माणसाने हे तयार केलं. आईने ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली होती. ते म्हणाले होते, त्याला स्प्रिंग लागते.

कंपनीने क्लिप नाकारली. कारण फार सज्जनपणाचं होतं: या क्लिपमध्ये कुठल्याही मापाची वस्तू बसते, तेव्हा ग्राहक फ्यूजच्या जागी खिळा घालेल आणि घराला आग लागेल. शेरा विक्रीसाहेबांचा होता. खरी अडचण मोजपट्टींनी आम्हाला नंतर सांगितली. कंपनी फ्यूजही विकत होती, आणि बाबांच्या क्लिपमधला फ्यूज उडतच नव्हता. ज्या कारखान्यात ती चाचणीसाठी बसवली, तिथून फ्यूजची मागणीच यायची थांबली. त्या कारखान्याने तर तक्रारही केली, की तुमचे फ्यूज बिघडलेले दिसतात, उडत नाहीत.

बाबांना नकाराचं तितकं लागलं नाही. त्यांना तो खिळा लागला. ज्याला खिळाच घालायचा आहे तो कुठल्याही क्लिपमध्ये ठोकून घालेल, त्याच्यासाठी मी क्लिप वाईट बनवू का, हा प्रश्न ते निवृत्त झाल्यावरही विचारत असत. वर्तमानपत्र वाचता वाचता विचारत. दाढी करताना आरशाला विचारत. नमुन्याचा एक संच त्यांनी घरी आणून पॅसेजमधल्या पेटीत बसवला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पेटी उघडून दाखवत. मुख्य स्विच बंद करून उलट्या बोटाने फ्यूजला हात लावायचा आणि म्हणायचं, बघा, गार. पाहुण्यांनाही हात लावायला लागायचा. माझ्या एका मैत्रिणीचं आमच्याकडे येणं त्यावरून थांबलं.

आता एका दुसऱ्या कंपनीने हुबेहूब तशीच क्लिप बाजारात आणली होती आणि ती आपलीच कल्पना आहे असा दावा लावला होता. आमच्या कंपनीला दाखवायचं होतं की हे आमच्याकडे फार पूर्वीच झालेलं आहे. पण कंपनीतले नमुने एका साफसफाईत भंगारात गेले होते. साफसफाईचा आदेश कोणाचा, हे विक्रीसाहेबांनी सांगितलं नाही आणि मोजपट्टींनी खिडकीबाहेर बघितलं. चालू स्थितीतला एकच संच जगात शिल्लक होता आणि तो आमच्या पॅसेजमध्ये आमचा फ्रिज चालवत होता.

मी म्हटलं, पेटी न्या. माझी एकच अट आहे. कागदावर ही क्लिप कोणी बनवली ते बाबांच्या नावानिशी यायला हवं. विक्रीसाहेब म्हणाले की कंपनीत काम विभागाच्या नावावर होतं, तशी प्रथा आहे. मी म्हटलं, मग पेटी इथेच छान आहे. आईला यात फारसा रस नव्हता. नाव लागलं म्हणून ते काही चहाला येणार नाहीत, असं ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. पण निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलेले बाबा मला आठवत होते. घड्याळावर कंपनीचं नाव होतं. विक्रीसाहेबांनी चहा संपवला, वकिलांशी बोलतो म्हणाले, आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. तोवर पेटी उघडून बघायला हरकत नाही, असं त्यांनी मोजपट्टींना खुणेने सांगितलं.

मोजपट्टींनी मुख्य स्विच बंद केला. पंखा हळू होत थांबला, फ्रिजची घरघर बंद झाली. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढून खिशात नीट ठेवले, झाकण उचललं, आणि तसेच उभे राहिले.

मी मागून डोकावले. तीन जागा होत्या. दोन जागी पांढरे फ्यूज होते, थोडे पिवळट झालेले. तिसऱ्या जागी, दोन्ही बाजूच्या पाकळ्यांमध्ये नीट मध्यावर बसलेला, आमच्या बाथरूमच्या कडीचा पितळी दांडा होता.

मोजपट्टींनी गॅलरीकडे एक नजर टाकली आणि झाकण पुन्हा अर्धं लावलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, माझ्या पिशवीत एक फ्यूज आहे. याच मापाचा."

मला सगळं एकदम दिसलं. तो शेरा. कुठल्याही मापाची वस्तू बसते, ग्राहक खिळा घालेल. आणि ज्याने बनवली त्याच्याच घरात खिळ्यापेक्षा चांगला दांडा. हे साहेबांनी बघितलं तर नाव राहिलं बाजूला, बाबांवर जन्मभर हसायची सोय झाली. मी म्हटलं, बदला.

"ते मी घातलंय," आई मागून म्हणाली. "त्यांनीच सांगितलं तसं."

ती पॅसेजच्या तोंडाशी कपबश्या घेऊन उभी होती. तिने ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात ती एरवी दुधाचं सांगते. बाबांच्या आजारपणात एकदा ऑक्सिजनचं मशीन चालू होतं, गिझर चालू होता, आणि तिने इस्त्री लावली. फ्यूज उडाला. मशीन बंद पडून टीं टीं करायला लागलं. मी कामावर होते. घरात दुसरा फ्यूज नव्हता. असणार कुठून, आमच्याकडे फ्यूज उडतच नसे. आणून ठेवलेले सुद्धा बाबांनी कधीच कोणाकोणाला देऊन टाकले होते. पलंगावरून बाबांनी तिला एकेक गोष्ट सांगितली. आधी मुख्य स्विच. मग स्क्रू. मग बाथरूमच्या कडीचा दांडा काढून आण, पितळेचा आहे, माप बरोबर बसेल. ती म्हणाली, अहो, कडी. तर म्हणाले, आता मला काय करायचीय कडी.

"बसला का विचारलं. म्हटलं, बसला. घट्ट आहे का? म्हटलं, हलत नाही." आईने कपबश्या खाली ठेवल्या. "तर हसायला लागले. मास्क लावलेला, हसता येत नव्हतं नीट. म्हणाले, साहेबाचं बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी फ्यूज आणायचा होता. पण त्या मापाचा फ्यूज आता दुकानांत मिळत नाही, आणि मग बाकीची कामं आली.

मोजपट्टींनी झाकण पूर्ण बाजूला केलं. मग बाबांनी शिकवलं होतं तसं, उलट्या बोटाने, दांड्याला हात लावला. दोन्ही टोकांना, पाकळ्यांच्या अगदी जवळ. एवढे महिने गिझरचा आणि इस्त्रीचा भार त्यातून जात होता.

"गार आहे," ते म्हणाले. आम्हाला नाही, पेटीला.

ताप आहे का हेही बाबा उलट्या बोटानेच बघत. शेवटच्या सकाळी मीही त्यांना तसाच हात लावला होता. तेव्हापासून हा शब्द मी टाळत होते.

फ्यूज मोजपट्टींच्या हातातच राहिला, कारण तेवढ्यात विक्रीसाहेब गॅलरीतून आले. त्यांनी पेटीत बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. हे काय आहे, असं विचारलं. आईने सांगितलं, कडी. मी काही म्हणणार तोच ते म्हणाले, कोणी हात लावू नका. आवाजात मला वाटला होता तो सूर नव्हता. खजिना सापडलेल्या माणसाचा होता.

त्यांनी आम्हाला समजावलं की दुसऱ्या कंपनीचा मुख्य दावाच हा होता, की कुठल्याही मापाला आपोआप जुळणारी क्लिप पहिल्यांदा त्यांनीच काढली. याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? फ्यूज बसला असता तर कोणीही म्हटलं असतं, फ्यूजच्याच मापाची असेल. पण हा दांडा. त्यांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, एकात आईलाही उभं केलं, आणि नावाचं वकिलांकडून करून घेतो असा शब्द देऊन पेटी दांड्यासकट नेली. एकेकाळी याच गुणासाठी आपण क्लिप नाकारली होती, हे त्यांना आठवलं की नाही, सांगता येत नाही. आठवलं असलं तर त्यांनी जुळवून घेतलं.

आठवडाभराने मोजपट्टी माझ्या सहीसाठी निवेदन घेऊन आले. वकिलांचं म्हणणं असं पडलं होतं की हा संच इथे कसा आला हे सांगितल्याशिवाय पुरावा टिकणार नाही, आणि ते सांगायचं तर माणसाचं नाव लागणारच. विभाग काही पिशवीत घालून क्लिप घरी नेत नाही. मी वाचलं. बाबांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्पष्ट. सदर गृहस्थांनी स्वतः रचलेल्या क्लिपचा संच कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कंपनीबाहेर नेऊन आपल्या राहत्या घरी बसवला, आणि नंतर त्यात सुरक्षेच्या नियमांचा भंग करून अनधिकृत वस्तू बसवण्याची सूचना पत्नीस दिली.

"नाव आलंय, ताई," मोजपट्टी म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "रचलेल्या हा शब्द मी घालायला लावला. वकील काढत होते."

मी आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, सूचना पत्नीस दिली हे पुन्हा वाचायला लावलं, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

"परवानगी मागितली होती त्यांनी," ती म्हणाली. "कितीदा तरी. उत्तर आलं नाही." मग मला म्हणाली, "कर सही."

मी केली.

मोजपट्टी निघाले तेव्हा आईने त्यांना विचारलं की पेटी तुमच्याकडे राहू दे, पण कडीचा दांडा परत मिळेल का. ते अवघडले. तो आता पाकिटात घालून मोहोरबंद केला आहे, निकाल लागेपर्यंत उघडता येणार नाही, म्हणाले. साहेबांनी नवी कडी पाठवतो असं सांगितलंय.

ती काही आली नाही. पॅसेजमध्ये आता नवी पेटी आहे, तिच्यात फ्यूज नाहीत, नुसते स्विच आहेत. गिझर आणि इस्त्री एकदम लावली की ते खट्कन पडतात. मग आम्ही ते वर करतो. ते बसवणारा वायरमन कडीही लावून देतो म्हणाला होता, पण आई म्हणाली, असू दे. आत जाणारं माणूस खोकतं. खोकल्याचा आवाज आला नाही, तर आई उठते, दारावर उलट्या बोटाने हलकेच टकटक करते, आणि आतून उत्तर येईपर्यंत हात तसाच ठेवून उभी राहते.