तांदळातला फोन

तांदळाच्या डब्यात फोन खुपसून त्र्यंबक लॅपटॉपसमोर बसला होता. क्रिकेटची मॅच शेवटच्या षटकांत आली होती. ऑनलाइन सट्ट्यात संघाचा भाव पडला की घ्यायचा, चढला की विकायचा. निवृत्तीनंतर जर्सी सिटीच्या या फ्लॅटमध्ये हेच त्याचं काम. त्यात लक्ष ढळलं की संपलंच. डब्याची युक्ती त्याच्या बायकोची, शोभनाची. मॅच सुरू झाली की ती त्याचा फोन तांदळात पुरून टाकी आणि स्वतःचा घेऊन बाहेर बसे. मध्येच येऊन चहाचा पेला त्याच्या डाव्या हाताशी ठेवी, पण बोलत नसे. फारच निकड असली तर दिव्याचं बटण एकदा खाली-वर करी.

तिला जाऊन तीन महिने होत आले होते.

बाहेर ढग गडगडत होते. आज त्याने पडत्या भावात नेहमीपेक्षा मोठा सौदा केला होता. एक चौकार बसला की विकून मोकळं व्हायचं.

दिवा गेला आणि आला.

"काय गं?" त्याने मान वळवली. दारात कोणी नव्हतं.

स्क्रीनवरचे आकडे थिजले होते. वीज गेली तेवढ्यात वायफाय बंद पडलं होतं. फोनवरून विकू म्हणून तो स्वयंपाकघरात धावला, डब्यात कोपरापर्यंत हात घालून फोन ओढला. तांदूळ फरशीभर सांडले.

फोनवर त्याच्या मुलीचे, निधीचे मिस्ड कॉल, एकाखाली एक. दूर अल्फारेटा शहरात तिला नववा महिना लागला होता. डॉक्टरांनी पलंगावरून हलू नको म्हणून सांगितलं होतं.

सौदा तसाच सोडून त्याने तिला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"उचल गं बाळा."

पुन्हा लावला.

"बाबा! आर यू ओके?" निधी रडत होती.

"मला काय धाड भरलीय? तुझं सांग. बाळ?"

"आम्ही फाइन आहोत. सकाळपासून कॉल करतेय! मला वाटलं, बाथरूममध्ये पडलात. आत्ता संजीवकाकांना चावी घेऊन वर पाठवलं. फोन कुठे होता?"

"तांदळात."

"बाबा, यार!" मग हळूच म्हणाली, "तेव्हा बाहेर आई असायची."

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे संजीव चावी हातात धरून धापा टाकत उभे होते. त्र्यंबकला उभा बघून त्यांनी भिंतीला पाठ टेकली. मग आत नजर टाकली.

"त्र्यंबकराव, भात शिजवताय की पेरणी करताय?"

दोघेही हसले.

ते गेले तोवर वायफाय आलं होतं. मॅच संपली होती. सौदा बुडाला होता. त्र्यंबकने आधी तांदूळ भरले, मग लॅपटॉप मिटला. टेबलावर डाव्या हाताशी चहाच्या पेल्याचा जुना गोल डाग होता.

त्याने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि त्या डागावर ठेवला.