तिसरा मॉनिटर

टेबलाखाली गुडघ्यांवर वाकून तिनं केबलचं टोक हबमध्ये खुपसलं आणि वर येताना डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. आतल्या खोलीतून लगेच सासऱ्यांचा आवाज आला.

"काय फुटलं?"

"काही नाही, बाबा. माझं डोकं."

"मग ठीक आहे. मला वाटलं, मॉनिटर."

डोकं चोळत ती तशीच फरशीवर बसून हसली. सकाळपासून या तारांनी नाकी नऊ आणले होते. लॅपटॉपला भोक एकच आणि जोडायचे मॉनिटर दोन, म्हणून मधे हा हब. मोठा तिच्या कामाचा. ती परभाषेतल्या सिनेमांना सबटायटल्स लिहायची. लॅपटॉपवर सिनेमा चालायचा, मोठ्या मॉनिटरवर तिची वाक्यं उमटायची आणि कोपऱ्यात नवऱ्याशी चालणाऱ्या चॅटची चौकट असायची. दुसरा मॉनिटर जुना, माळ्यावरून काढलेला. तो सासऱ्यांसाठी. त्यांचा टीव्ही कायमचा गेला होता, आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला माणूस सारखा हाका मारतो. हाक आली की तिचं वाक्य अर्धं राहायचं.

दाराखालून सरकवलेल्या केबलच्या मागोमाग ती आत गेली. जुन्या मॉनिटरवर बुद्धिबळाचा पट उमटला होता. सासऱ्यांनी चष्म्याचं घर उघडलं. त्याचं झाकण टक्कन वाजायचं, अगदी बाहेरच्या खोलीपर्यंत. चष्मा चढवून त्यांनी पट निरखला.

"न्हालं एकदाचं घोडं गंगेत," ते म्हणाले. "पण आवाज बंद कर बाई. समालोचन मी करतो."

हब विकताना दुकानदारानं बजावलं होतं, "मॅडम, लाइट गेली-आली की हे विसरतं, कुठलं चित्र कुठल्या मॉनिटरवर ते. दोन्हीकडे एकच दाखवायला लागतं. मग सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा सांगायचं." तिनं मान डोलावली होती. विसरणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगायची तिला सवयच होती.

पहिले काही दिवस बरे गेले. एक सामना संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा, तिला हातही लावावा लागत नसे. आतून समालोचन ऐकू यायचं. "अरे, हा घोडा काय गवत खायला आणलाय?" "वजिराला उठव की, पेन्शनीत निघालाय का?" ती बाहेर टाइप करता करता हसायची.

सासऱ्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. लोकांना वरखाली करता करता यांचेच गुडघे बसले. खुर्चीतून उठवेनासं झालं तेव्हा हाक कशी मारावी, हे त्यांनीच ठरवलं: "सूनबाई, लिफ्ट अडकली गं!" सुरुवातीला दोघंही हसायचे. ती त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं करायची, न्हाणीघरात न्यायची, परत आणून बसवायची. आता हसू ओठांवर आणावं लागत होतं. तिच्या कमरेत कळ यायची आणि ती दात आवळून "उठा, आला मजला" म्हणायची.

मग एका सकाळी ते न्हाणीघरात घसरले आणि ते तिला उचलेचनात. शेजारी येईपर्यंत दोघं ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसून राहिले. "आज दोन्ही लिफ्ट बंद," ते म्हणाले. तिनं तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या दिवसापासून चॅटमध्ये तो विषय सुरू झाला. नवरा दूरच्या प्रकल्पावर होता, सुट्टी मिळाली की यायचा. बाकीचे दिवस उंटावरून शेळ्या हाकायचा. डॉक्टरांना विचार, बाई ठेव, चांगली बघ. बाया येत आणि जात. शेवटी तिनंच एक वृद्धाश्रम शोधला, जाऊन पाहिला, खोली रिकामी झाली की कळवा म्हणून नवऱ्याचा नंबर देऊन आली. स्वच्छ होता. तिला त्यात वावगं काही सापडलं नाही, आणि याचंच तिला वाईट वाटलं. दोघांनी वृद्धाश्रम हा शब्द चॅटमध्ये कधी लिहिला नाही. "तिकडे" लिहायचे. बाबांना सांगायचं कोणी, एवढंच उरलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोघांपैकी कोणी पुढे येत नव्हतं.

एका दुपारी लाइट गेली आणि लगेच आली. सगळं काळं झालं आणि पुन्हा उजळलं. तिनं घाईघाईनं फाइल उघडली. वाक्यं शाबूत होती. देव पावला म्हणून ती कामाला लागली. आतून काही तक्रार आली नाही.

त्यानंतर सासरे जरा शांतच झाले. घोडा नाही, वजीर नाही. ते सामन्यात रमले असतील असं तिनं धरलं आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. जेवताना ती विचारायची, "आज कोण जिंकलं?"

"बरोबरी."

दुसऱ्या दिवशीही बरोबरी, तिसऱ्या दिवशीही. कसले मेले खेळाडू, असं तिच्या मनात आलं आणि गेलं. वाक्यंही तशीच तिच्या हातातून जायची. संपवून दिलेल्या सिनेमात कोण होतं आणि कोण मेलं, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

एकदा घास हातात धरून सासऱ्यांनी विचारलं, "तो भाडेकरू गेला का गं शेवटी?"

"कोणता भाडेकरू? आपल्याकडे कधी होता भाडेकरू?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"नव्हता का? असू दे."

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला लिहिलं: "आज कुठल्या तरी भाडेकरूचं विचारत होते. आता डोकंही साथ देत नाहीये त्यांचं. मला भीती वाटते. आणि मी फार थकलेय रे. ते नकोत असं नाही. पण हाक आली की उठायच्या आधी क्षणभर मला ते नकोसे होतात. तिकडची खोली मिळाली तर घेऊन टाकू."

त्यानं लिहिलं: "डोक्याचं तिकडच्या लोकांना आधी सांगून ठेव. आणि बाबांशी तूच बोल. तुझं ऐकतात."

एक-दोन दिवसांनी, दुपारी, ती एका वाक्याच्या मध्यावर असताना हाक आली.

"सूनबाई, लिफ्ट अडकली गं."

ती उठली. आत गेली आणि दारातच थांबली. सासऱ्यांची चाकांची खुर्ची नेहमीच्या जागी, खिडकीजवळ नव्हती. पायांनी रेटत रेटत ती मॉनिटरला जवळजवळ चिकटवलेली होती. मॉनिटरवर पट नव्हता. तिचं अर्धं वाक्य होतं, त्याच्या टोकाशी लुकलुकणारी रेघ, आणि उजव्या कोपऱ्यात चॅटची चौकट. ती बघत असतानाच तिथं नवऱ्याचा नवा मेसेज उगवला.

"तिकडून फोन आला होता. खोली रिकामी झालीय. बाबांना सांगितलंस का?"

सासरे खिडकीबाहेर बघत होते. चष्म्याचं घर मिटून मांडीवर ठेवलेलं होतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे लाल वळ अजून ताजे होते.

काहीतरी बोलायला हवं म्हणून ती रोजचंच बोलली.

"कसा चाललाय सामना?"

"कोण जाणे. चष्माच लावला नाही आज," ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "बरोबरीच होईल."

तिनं त्यांच्या काखेत हात घातले. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला, कपाळाची शीर फुगेपर्यंत, तिच्यावर भार पडू नये म्हणून. ते तिला कळलं. तिनं त्यांना न्हाणीघरात नेलं, परत आणलं. खुर्ची तिनं खिडकीजवळ ओढली. मग थांबली, आणि पुन्हा मॉनिटरसमोर, होती तिथंच आणून ठेवली. त्यांना बसवलं आणि बाहेर आली.

आपल्या टेबलाशी बसून तिनं मोठ्या मॉनिटरकडे पाहिलं. माऊसचा बाण इथं हलला की तिथंही हलत असणार. लाइट गेली त्या दुपारपासून तिनं जे जे लिहिलं, ते ते तिथं उमटत असणार. तेव्हा कुठं तिला आठवलं: गेल्या आठवड्यात दिलेल्या सिनेमात एक विधवा होती आणि तिच्या माडीवर एक भाडेकरू होता. त्याला घर सोडायचं होतं आणि त्याला ते सांगवत नव्हतं. डोकं साथ देत नाही, असं तिनं लिहिलं होतं. तेही त्यांनी वाचलं होतं.

तिला लाज वाटली, अंगभर. त्यामागून राग आला. स्वतःचा, नवऱ्याचा, आणि इतके दिवस बरोबरी, बरोबरी म्हणत गप्प बसलेल्या त्या म्हाताऱ्याचाही. ओरडायचं होतं ना, पट दिसत नाही म्हणून. एका हाकेवर तिनं सगळं थांबवलं असतं.

तिनं सेटिंग उघडलं. एक खूण बदलली की दोन्ही मॉनिटरवर वेगळी चित्रं आली असती आणि आत पुन्हा घोडे-उंट धावू लागले असते. बाण त्या खुणेवर बराच वेळ थांबून राहिला. मग तिनं सेटिंग बंद केलं. चॅट मिटवली. सिनेमाची फाइलही मिटवली. एक कोरं पान उघडलं. पान इथं कोरं दिसत होतं, तसंच आतही दिसत असणार.

तिनं टाइप केलं: "बाबा, चष्मा लावा. मला बोलायचंय."

आत काहीच हललं नाही. बाहेर कुठंतरी एक गाडी सुरू झाली आणि गेली. तिनं हात मांडीवर घेतले. कमरेत कळ होतीच.

मग आतून टक्कन आवाज आला.

"अक्षर मोठं कर जरा," सासरे म्हणाले. "आणि त्या भाडेकरूचं काय झालं, ते आधी सांग."