पाट्यावरची काच

मीनाक्षीने पाटा धुवायला घेतला. पाट्याच्या खाचांत हिरवं काहीतरी चमकत होतं. कोथिंबीर कधी चमकते का? तिने बोट फिरवलं, तर बोटाला रक्त.

काच! आणि याच पाट्यावर सकाळी वाटलेली चटणी वल्लरीच्या डब्यातून शाळेत गेली होती.

तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टच्या ऑफिसात नवऱ्याला फोन लावला. "प्रसन्न, माझ्या पाट्यावर काय केलंस तू?"

"काही नाही गं. काल बाटलीच्या काचेची कड जरा घासली."

हा प्रसन्न आयटीतला, पण रविवारी म्युझियममध्ये मुलांना जुनी हत्यारं घडवून दाखवायचा भारी सोस. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी गोऱ्यांच्या बाटल्या फोडून भाल्याची टोकं केली, हे सध्याचं वेड. आताही सुरू झालाच. "काच आली म्हणून त्यांनी दगड नाही सोडला, मीनू. कड दगडावर घासल्याशिवाय काचेचे कपचे नीट—"

"चुलीत गेले तुझे कपचे! चटणी डब्यात गेलीये!"

"अगं, आधी शाळेत फोन लाव!" प्रसन्न ओरडला.

शाळेचा फोन लागेना. लिफ्ट मेली प्रत्येक मजल्यावर थांबत होती. मीनाक्षी गाऊनवर ओढणी टाकून तशीच टॅक्सीत बसली. आई गेल्यावर साड्या पुण्यात ठेवून तिने तो पाटा विमानातून इथे परदेशात आणला होता. आईची तेवढीच वस्तू तिच्याकडे होती. देवा, पाहिजे तर पाटा घे, पण पोरीने चटणी खाल्लेली नसू दे. बेडोकच्या रस्त्यावरचे सिग्नल जागचे हलत नव्हते.

गेटवरच्या वॉचमनला कसंबसं समजावून ती कॅन्टीनमध्ये धावली. वल्लरी मैत्रिणींबरोबर नूडल्स खात होती.

"चटणी खाल्लीस? खरं सांग!"

वल्लरीने कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. "थ्रो अवे ऑलरेडी, लाह," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

मीनाक्षीने तिला सगळ्यांसमोर कवटाळलं. "देव पावला गं बाई! आजच कशी बुद्धी झाली तुला?"

"नॉट टुडे ओन्ली, मम्मा," पोर तिच्या कुशीतच पुटपुटली. "एव्हरी डे. डोन्ट बी अँग्री."

मीनाक्षीला रडू आलं, आणि ते नुसतं सुटकेचं नव्हतं.

फोन वाजला. "मीनू, काय झालं? बोल ना!"

"नाही खाल्ली तिने," मीनाक्षी म्हणाली. "पाटा तू घे. घास काय घासायचं ते."